मस्टरवर नसलेलं लेकरू

एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. सवलत म्हणून हा नियम चांगला आहे आणि तो तसाच राहावा. पण तिकीट नाही म्हणजे जागाही नाही. ते लेकरू आईच्या मांडीवर असतं, कडेवर असतं, आणि गाडी भरलेली असली तर एका हाताने दांडा धरून उभ्या असलेल्या आईच्या खांद्यावर असतं. वाहकाच्या मशीनमध्ये ते उमटत नाही. बुलढाणा जिल्ह्यात नोकरी आणि मजुरी करणाऱ्या तान्ह्या बाळांच्या आया मी बरीच वर्षं जवळून पाहते आहे, काही काळ ते जगणं स्वतः जगले आहे. त्यांच्या बहुतेक अडचणींचं मूळ या न मोजण्यात आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. तीन वर्षांच्या आतलं मूल लसीकरणाच्या कार्डावर असतं, अंगणवाडीच्या वजनाच्या नोंदीत असतं. पण आई कामावर गेल्यावर ते दिवसभर कुठे असतं, हा रकाना आपल्या एकाही रजिस्टरात नाही.

जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे जिल्ह्याचे दोन भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. मुंबई–नागपूर लोहमार्ग घाटाखालून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा निघून जातो. खामगावला जलंबहून एक फाटा आहे, इतकंच. खुद्द बुलढाण्याला रेल्वे नाही. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या घाटावरच्या गावांनाही नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. तेव्हा घरून कामाला जायचं ते एसटीने, काळीपिवळीने किंवा ऑटोने. शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका, तलाठी, बँकेत लागलेल्या मुली, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, अपडाउन. मुख्यालयी राहावं असा नियम आहे. पण नवरा खामगावला नोकरीला, तिची नेमणूक मोताळा तालुक्यात आणि लेकरू सांभाळू शकणारी सासू तिसऱ्याच गावी, अशा घराने नेमकं कुठलं गाव मुख्यालय धरायचं?

बाळ सोबत न्यायचं की मागे ठेवायचं, हे दोनच मार्ग अशा आईपुढे असतात. मी शिक्षिका, मी दोन्ही केले. सोबत नेताना पिशवीत दुपटी, टोपडं, जास्तीचे कपडे, उकळून गार केलेलं पाणी, मऊ खिचडीचा डबा, आणि त्याच पिशवीत तपासलेल्या वह्या. राजूर घाटाच्या वळणांवर मोठ्या माणसालाही मळमळतं, नुकतं दूध प्यायलेलं बाळ तर हमखास ओकतं. मग ओल्या पदराने शाळेत पोचायचं. मागे ठेवायचं तर दुसरी परीक्षा. दुपारी पान्हा दाटतो, छाती ठणकते, ब्लाउज भिजतो आणि फळ्याकडे तोंड करून पदर सावरत उभं राहावं लागतं. शहरातल्या बायका दूध काढून फ्रिजमध्ये ठेवतात, तसं करा, असा सल्ला मिळतो. काढलेलं दूध खोलीत चारेक तास टिकतं, पण ते पंचवीस अंशांच्या आसपासच्या तापमानात. घाटाखाली एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हात बाळाचं दूध बाळाजवळच असावं लागतं, आणि ते फक्त आईच्या अंगात सुरक्षित असतं. म्हणून बाळ आईच्या कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर असणं ही इथे चैन नाही, गरज आहे.

१७ मार्च २०२३ पासून राज्यात स्त्रियांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. या निर्णयाला नावं ठेवणाऱ्यांशी मी नेहमी भांडते. तालुक्याच्या दवाखान्यात बाळाला दाखवायचं की चार दिवस वाट पाहायची, हा निर्णय कित्येक घरांत भाड्याच्या पैशावर होत असे. आता बाई उठते आणि निघते. पण भाडं हा प्रवासाचा एक भाग झाला. बाळासकट बसायला जागा, स्टँडवर स्वच्छ मोरी, दूध पाजायला आडोसा, दुपटं बदलायला ओटा हेही प्रवासच आहे. रेल्वेने मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बाकाला बाळासाठी घडीची छोटी पट्टी जोडून पाहिली होती. प्रयोग लहानसा होता, पण त्यात बाळाला प्रवासी मानलं होतं. एसटीच्या स्टँडांवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष आहेत. काही नीट आहेत. काहींना कुलूप असतं आणि रडतं लेकरू घेऊन किल्ली कुणाकडे आहे ते विचारत फिरावं लागतं. जवळच शेगावला गजानन महाराज संस्थानात हजारोंच्या गर्दीतही स्वच्छता कशी राखली जाते, हे आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक बाईने पाहिलं आहे. म्हणून आपल्याकडे हे जमत नाही, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

हिरकणी हे नाव आलंच आहे, तर त्या कथेकडे नीट पाहू. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण. संध्याकाळी दरवाजे बंद झाले. खाली घरात तान्हं बाळ. पहारेकरी नियमाला बांधलेले. ती अंधारात कडा उतरून गेली. राजांनी तिचा गौरव केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधून त्याला तिचं नाव दिलं. दंतकथा आहे, पण ती शेकडो वर्षं सांगितली जाते, तेव्हा तिच्यात आपलं मन उतरलेलं आहे. आपण प्रत्येक वेळी आईच्या धाडसापाशी थांबतो. मला बुरुजापाशी थांबावंसं वाटतं. शत्रू वर चढू नये म्हणून तो बुरूज बांधला, आणि गडाच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण त्यामुळे ती उतरायची वाटही बंद झाली. कथेत दरवाजाची वेळ काही बदलली नाही. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या दुसऱ्या बाईचं बाळ घरी असतं, तर तिला दरवाजाही बंद आणि कडाही बंद. हिरकणीच्या नावाने आपण गाड्या काढल्या, खोल्या काढल्या. दरवाजाच्या वेळेचा प्रश्न मात्र अजून तिथेच उभा आहे, आणि आज तो शाळेच्या हजेरीच्या वेळेत, बँकेच्या बायोमेट्रिक यंत्रात, पहिल्या एसटीच्या वेळापत्रकात आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या. फोटो सगळीकडे झळकले आणि विधानभवनात हिरकणी कक्ष लगोलग उभा राहिला. पुढच्या वर्षी मुंबईच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात दिलेल्या खोलीत धूळ आहे, सोयी नाहीत, हे त्यांना पुन्हा जाहीरपणे बोलावं लागलं, तेव्हा ती सुधारली. त्यांचे आभार मानायला हवेत. बाळ घेऊन येणं ही कामातली कसूर नाही, हे त्यांनी राज्याच्या सर्वोच्च सभागृहाच्या दारात दाखवून दिलं. पण एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली. इच्छा असली तर खोलीला फार दिवस लागत नाहीत. ज्या बाईकडे कॅमेरे वळत नाहीत, तिच्यासाठी हेच काम वर्षानुवर्षं का अडतं?

आणि कॅमेरे वळत नाहीत अशा आयाच जिल्ह्यात जास्त आहेत. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यातली पंचवीस लाखांवर लोकसंख्या, तिच्यातली पाचांपैकी जवळजवळ चार माणसं खेड्यात. नोकरदार आईचा प्रश्न आम्ही नोकरदारांनी मांडला म्हणून तो आमचा वाटतो. पण पावसाळ्यात निंदण, मग सोयाबीनची सोंगणी, दसऱ्यापासून कापसाची वेचणी, ही कामं करणारी आई आमच्याआधी उठते आणि तिच्या लेकराची सोय आमच्या लेकराहून कितीतरी कच्ची असते. धुऱ्यावरच्या बाभळीला किंवा कडुनिंबाला लुगड्याची झोळी. खाली मुंगळे, शेजारच्या वावरात फवारणीचा वास. झोळीला झोका द्यायला पाच-सहा वर्षांचं दुसरं पोर.

वेचणीची मजुरी किलोवर असते. ही गोष्ट सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजायची सुट्टी दिली, पगार न कापता. किलोवर वेचणाऱ्या बाईने झोळीजवळ बसून बाळाला पाजलं की तेवढा कापूस तिच्या ओटीत कमी पडतो आणि संध्याकाळी काट्यावर तो कमी भरतो. म्हणजे तिच्या बाबतीत पाजण्याची किंमत रोज वजन करून कापली जाते. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. त्याआधीच १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पुढे तीसहून जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यांना ती लागू झाली. चांगल्या तरतुदी आहेत या. पण खामगाव-मलकापूरच्या औद्योगिक वसाहतींतले मोजके कारखाने सोडले, तर पन्नासाची संख्या आमच्याकडे भरते कुठे? खाजगी शाळा, दवाखाना, दुकान, पतसंस्था, सगळे दहा-वीस माणसांचे. वावराला तर आस्थापना म्हणतच नाहीत.

शासनाच्या बाजूने अंगणवाडी आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे ती गावोगाव पोचली. या सेविकांनी देशाची लेकरं जगवली असं म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही. पण अंगणवाडीत बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, तीही दिवसातले काही तासच. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो, खोलीत जागा मिळत नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही पूर्वप्राथमिक सोयीची गोष्ट काढतो ती तीन वर्षांवरच्या मुलांसाठी. इकडे पगारी आईची रजा सहा महिन्यांत संपते आणि मजूर आईला मुळात रजाच नसते. सहा महिने ते तीन वर्षं, म्हणजे मेंदू सर्वांत वेगाने वाढतो, मूल रांगतं, पडतं, तोंडात सगळं घालतं, बोलायला लागतं, तो संपूर्ण काळ कुठल्याही व्यवस्थेच्या नावावर नाही. तो आईच्या नावावर टाकला आहे. राज्य सरकारने २०१८ साली आपल्या कर्मचाऱ्यांना एकूण एकशे ऐंशी दिवसांची बालसंगोपन रजा दिली, तीही स्त्रियांना. पुरुषाला ती मिळते ती पत्नी नसली किंवा अंथरुणाला खिळलेली असली तरच. धडधाकट बाप असलेल्या घरात मूल सांभाळणं बापाचं काम नाही, हे शासननिर्णयानेच लिहून ठेवलं आहे.

आजी आहे ना, हे या सगळ्यावरचं नेहमीचं उत्तर. आमच्या खेड्यांत लग्नं लवकर होतात. आजी होते ती चाळिशी-पंचेचाळिशीत, आणि ती स्वतः वेचणीला जाते. तिची मजुरी बुडाली तर ते घराला परवडत नाही. मग उरते थोरली मुलगी. शिक्षिका म्हणून मला हजेरीपटात याची खूण दिसते. वेचणीचा हंगाम आला की चौथी-पाचवीतल्या मुलींच्या नावापुढे गैरहजेरी वाढत जाते. तिच्याच वर्गातला भाऊ हजर असतो. एखादी चिवट मुलगी कडेवर भाऊ घेऊन शाळेत येते आणि त्याला मांडीवर निजवून गणितं सोडवते. तिला परत पाठवणारे शिक्षकही मी पाहिले आहेत. आईसाठी नसलेल्या पाळणाघराचे पैसे ही दहा वर्षांची मुलगी आपल्या शिक्षणातून भरते.

हा प्रश्न आपल्या माणसांनी फार पूर्वी ओळखला होता. ताराबाई मोडक वैवाहिक आयुष्याची काही वर्षं इथून जवळच, अमरावतीत होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्यावर लहान मुलीला घेऊन त्या काठेवाडात गेल्या, राजकोटला नोकरी केली, मग भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलं. नोकरी करणारी एकटी आई म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की आदिवासी मुली शाळेत येत नाहीत कारण कडेवर भावंडं आहेत. त्यांनी पालकांना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. मुलगी येताना भावंड घेऊन यायची, ते पाळण्यात ठेवायची आणि शेजारच्या वर्गात बसायची. अंगणवाडीची कल्पना तिथलीच. आपण तिच्यातला तीन ते सहा वर्षांचा तुकडा तेवढा देशभर नेला आणि पाळणा मागे ठेवला.

ज्याला आईचा दोष म्हणतात तो पुष्कळदा व्यवस्थेचा असतो, हे सांगणारं मराठीतलं पहिलं खणखणीत पुस्तकही बुलढाण्याच्या मातीतलं आहे. ताराबाई शिंदे इथल्या. वडील बापूजी हरी शिंदे इथल्याच सरकारी कचेरीत नोकरीला. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर आग ओकली गेली. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री पुरुष तुलना’ छापलं. त्यांचा रोख सरळ होता. विधवेला लग्न नाही, पुरुषाला जाब नाही, बदनामीची धास्ती मात्र सगळी तिच्या एकटीवर, आणि वर तिलाच राक्षसीण म्हणायचं. त्यांची पाठराखण करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी सावित्रीबाईंसह त्याआधीच, १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. अशा बायकांनी यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल ठेवावं किंवा न्यावं. त्या काळातल्या बहुतेक शहाण्या लोकांनी आईला दोष दिला. आपल्या काळातले शहाणे लोक तिची स्तुती करतात. फुल्यांनी घराचं दार उघडलं.

मूल लहान असताना आईने घरीच राहावं, असं म्हणणारे सगळे दुष्ट नसतात. बाळाला आई हवी, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे दोन वर्षांपर्यंत वरच्या अन्नासोबत दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मी प्रत्येक नव्या आईला सांगते. पण हे म्हणणं मनापासून मानायचं तर त्याचा खर्च कुणीतरी उचलला पाहिजे. वेचणीवाल्या आईला घरी बसवायचं असेल तर तिची मजुरी द्या, नाहीतर बाळ तिच्याजवळ येऊ द्या. गावात घरोघर फिरून स्तनपानाचं महत्त्व सांगणारी आशा ताई स्वतः बाळंत होते, तेव्हा ती कर्मचारी नाही तर स्वयंसेविका ठरते आणि तिचा मोबदला तिने केलेल्या कामावर मोजला जातो. तिने कुणाला काय सांगावं?

या बाबतीत मला सर्वांत शहाणी वाटलेली ओळ २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या परिशिष्टात आहे. कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमावं आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यावी. माती उपसणं आणि लेकरू सांभाळणं ही दोन्ही दिवसभराची कामं आहेत, दोन्हीचं दाम एक, हे देशाच्या कायद्याने इतक्या स्पष्टपणे क्वचितच लिहिलं असेल. मी पाहिलेल्या कामांवर ही नेमणूक सहसा झालेली दिसली नाही. पाचाऐवजी चार मुलं असली तर तेवढंही निमित्त पुरतं. शिवाय काम फार लांब आहे, ऊन आहे, म्हणून बाया लेकरं आणतच नाहीत, मग मुलंच नाहीत असा शेरा मारला जातो. शेजारच्या कर्नाटकाने २०२३ च्या अर्थसंकल्पात यापुढचं पाऊल टाकलं. ‘कूसिन मने’ या नावाने ग्रामपंचायतींत लहान बाळांसाठी पाळणाघरं, सांभाळणाऱ्या बायकाही गावच्याच, रोजगार हमीवरच्या, प्रशिक्षण घेतलेल्या. केंद्राची ‘पाळणा’ योजनाही अंगणवाडीलाच पाळणाघर जोडा असं सांगते. म्हणजे नवीन शोध लावायचा नाही. अंगणवाडीची इमारत गावात आहे, दुपारनंतर ती रिकामी असते. फक्त त्याच सेविकेच्या डोक्यावर हेही काम टाकून चालणार नाही. ॲप भरता भरता तिचा दिवस संपतो. तिला जोडीला दोन माणसं हवीत, आणि त्यांना मानधनाऐवजी मजुरी हवी.

पैसे कुठून, असं विचारलं जाईल. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. छोट्या गावात ती रक्कम थोडी असते, त्यातून पगार निघणार नाहीत हे खरं. पण पाणी, पंखा, जाळी, झोळ्या, पाळणे निघतात. मजुरीचा भार रोजगार हमीने आणि राज्याने उचलावा. पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, कित्येक सरपंच बाया स्वतः कडेवर मूल घेऊन पंचायत समितीच्या बैठकीला जातात. गावात तीन वर्षांखालची लेकरं किती, हा आकडा आशा आणि सेविकेच्या वहीत आजच तयार आहे. त्याच्यापुढे एक रकाना वाढवायचा, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच हे मूल कुणापाशी असतं. जिथे थोरल्या बहिणीचं नाव येईल, तिथली खोली आधी उघडायची. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा रकाना वाचून दाखवला आणि ठराव झाला, तर वेचणी भरात येण्याआधी, दिवाळीपर्यंत, पाळणे टांगता येतात.